साहेब, बाबू आणि नऊ सेकंदांचं लॅटिन

गेल्या वर्षीच्या कामठ्याच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आमच्या वहिनीच्या बैलजोडीनं जो पराक्रम केला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा यावर पटाच्या कमिटीत अर्धा तास चर्चा झाली.

झालं असं, की झेंडी पडली. बाकीच्या जोड्या झेंडी पडायच्या आधीच नाकातून वाफा सोडत होत्या. आमची जोडी उभी राहिली. उजवीकडच्या साहेबानं मान वळवून पब्लिककडे पाहिलं. डावीकडच्या बाबूनं साहेबाकडे पाहिलं. मग दोघं छकड्यासकट हळूहळू मागे सरकायला लागले. पंधरा फूट मागे गेले, चहाच्या टपरीला टेकले आणि रवंथ करत खाली बसले.

माईकवर इंद्रकुमार मास्तर होते. वर्षभर शाळेत भूगोल शिकवतात आणि पटात समालोचन करतात. ते ओरडले, "लोकहो, जोडी निघाली! पन दिशा चुकली! ही जोडी कुडव्याच्या दिशेनं निघाली! कुडव्याले कोनी पावने येऊन राहिले म्हनून फोन करा रे!"

वर्षभर तेच. मी दळण घेऊन गेलो तर गिरणीवाला म्हणायचा, "योगराजभाऊ, सरळ जाता का मागे मागे?" बैल माझे नव्हते. भावाचे, ईश्वरदासचे होते. पण बदनामी ही एकत्र कुटुंबात राहते, शेतीसारखी तिची वाटणी होत नाही.

बैलांची नावंही भावानंच ठेवलेली. वासरं घरी आली त्या आठवड्यात तो एका ऑफिसात अकरा चकरा मारून आला होता. बाबू म्हणे साहेबाले विचारा, साहेब म्हणे बाबूले भेटा. घरी येऊन पाहतो तर दोन गोऱ्हे, एक उठल्याशिवाय दुसरा उठत नाही. भाऊ म्हणाला, "हेच ते दोघं. इथंपर्यंत आले माझ्या मागं."

पण वाढवली ती शामकला वहिनीनं. भाताच्या रोवणीच्या दिवसात बांधीत चिखल तुडवून यायची, आणि स्वतः जेवायच्या आधी त्यांच्या तोंडाला बाटली लावायची. म्हणून पटाच्या दुसऱ्या दिवशी भावानं अंगणात उभं राहून जो निकाल दिला, तो तिलाच लागला.

"नीतूची माय, आयक. पुढच्या पटात या दोघाईनं दोरा तोडला तर ठीक. नाई तर जोडी बाजारात, आन घरी पॉवर टिलर. त्याले चारा-ढेप लागत नाई. तो मागं बी जात नाई."

"जाते," वहिनी म्हणाली. "रिव्हर्स गिअर राहते त्याले."

भावानं तिथंच निकाल पक्का केला. उत्तर सुचलं नाही की तो असंच करतो.

दोरा तोडायचा म्हणजे काय, ते सांगतो. पटात सुटायच्या जागी एक दोरा बांधलेला असतो. बैलांनी तो तोडला की घड्याळ सुरू. शेवटचा दोरा तुटला की बंद. आता कायद्यानं काठी, चाबूक, टोचणी सगळं बंद झालंय. बैलाला न मारता, न टोचता, त्याच्या स्वतःच्या मर्जीनं पळवायचं. साहेब आणि बाबू अशी नावं असलेल्या जोडीकडून ही अपेक्षा जरा जास्तच होती.

आता नीतूचं सांगतो, कारण लॅटिन तिच्यामुळं आलं.

नीतू माझी पुतणी. दिवसभर कुडव्याला मोबाईलच्या दुकानात काम करते, संध्याकाळी स्कुटीवर घरी येते आणि सरळ गोठ्यात जाते. बैलांच्या प्रेमानं नाही. आमच्या घरी मोबाईलची रेंज फक्त गोठ्यात येते. का, ते टॉवरवाल्यांनाही माहीत नाही. गव्हाणीच्या खांबाला मोबाईल टेकवायचा, बाजूला उखळाएवढा स्पीकर ठेवायचा आणि गेम खेळायचा. त्या गेममध्ये एक दगडी राजा होता. सहा हात, डोक्यावर मुकुट, मागे दगडाची फौज. चार महिने झाले, तो राजा काही मरत नव्हता. रोज नीतू मरायची.

आणि राजा समोर आला की ते गाणं सुरू व्हायचं. आधी ढोल. मग सारंगीसारखं काहीतरी, पण पन्नास सारंग्या एकदम. मग शंभरेक माणसं छाती फाडून गायची:

"स्तामुस, स्तामुस, नोन मोवेमुर! इग्निस वेनित, नोन मोवेमुर!"

मी गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली बादली खाली ठेवली. "नीतू, हे कोन मेलं वो?"

"कोनी नाई मेलं काकाजी, मीच मरून राहिली. ही लॅटिन आहे."

"कुठची?"

"जुनी भाषा. आता कोनी बोलत नाई."

"मंग हे शंभर लोक?"

"ते नुसते गाते. जुन्या काळी तिकडं चर्चमध्ये मेलेल्या मानसासाठी चार आवाजात असं गायचे. मोठेमोठे संगीतकार लिहायचे. मंग सिनेमावाल्याईनं उचललं, मंग गेमवाल्याईनं. लढाई आली की लॅटिन लावते. कोनाले समजत नाई, म्हनून तर भारी वाटते."

मला आमचे केशोराव बुवा आठवले. चाळीस वर्षं ते एक संस्कृत स्तोत्र म्हणतात आणि अर्थ विचारला की डोळे मिटतात. म्हणजे तिकडं आणि इकडं कारभार सारखाच.

वहिनीनं नीतूला एकच काम लावलं होतं, संध्याकाळी बैलांना ढेप, म्हणजे पेंड, देणं. नीतूनं ते काम गेमला बांधून टाकलं. राजासमोर जायचं, मरायचं, आणि चिडून दोघांना एकेक मूठ ढेप टाकायची. पुन्हा जायचं, पुन्हा मरायचं, पुन्हा मूठ. चार महिने. लॅटिन सुरू झालं की तोंडाशी ढेप येते, हे साहेब-बाबूंना पाठ झालं. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. बैलांच्या आलं.

ते कळलं कसं, तर भाऊ उकिरड्यात पडला तेव्हा.

डिसेंबरात एका संध्याकाळी तो भाताची तनीस, म्हणजे पेंढा, भरून बैलबंडी घेऊन येत होता. बैल साहेबी चालीनं चालले होते, म्हणून भाऊ तनशीच्या ढिगावर आडवा होऊन झोपला होता. बंडी तळ्याजवळ आली आणि इकडं गोठ्यात नीतू राजासमोर पोचली. त्या दिवशी तिनं दुकानातून नवा स्पीकर आणला होता. "स्तामुस!" अख्ख्या गल्लीत घुमलं.

तळ्याजवळ दोन बैलांनी चार कान टवकारले.

मी ओट्यावर बसून पेटीचा भाता पुसत होतो, तेवढ्यात वळणावर बंडी दिसली. एका चाकावर. तनीस हवेत, धूळ हवेत, आणि त्या दोघांच्या मधोमध माझा मोठा भाऊ हवेत. बैल गोठ्याच्या दारात गच्चकन थांबले. बंडी थांबली. भाऊ थांबला नाही. तो उकिरड्यात गेला, आणि आतून त्याचा आवाज आला, "कोन मेलं?"

वहिनी दारात उभी होती. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. बैलांकडे पाहत होती.

"नीतू," ती म्हणाली, "ते बंद कर. आता पुन्हा लाव."

बंद केलं. बैल उभे. लावलं, बैलांनी बंडीसकट दारात घुसायचा प्रयत्न केला. दार बंडीपेक्षा लहान होतं. आता नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेतात सराव. एका टोकाला छकडा, दुसऱ्या टोकाला वहिनी ढेपेचं घमेलं घेऊन, तिच्या बाजूला नीतू स्पीकर घेऊन. छकड्यावर बसून बैल हाकायला कोणी धुरकरी तयार होईना. एकानं तर विमा आहे का विचारलं. शेवटी भाऊच बसला. म्हणाला, "विकायचे असतील तर मीच विकीन, आन पडायचं असंल तर मीच पडीन." स्पीकर लागला की साहेब आणि बाबू असे सुटायचे, की आजूबाजूच्या शेतातले लोक बांधावर येऊन उभे राहायला लागले.

तिथंच घोळ झाला. त्या बांधावरच्या लोकांत केवळराम होता.

केवळरामची जोडी तीन वर्षं पहिला नंबर घेत होती. पटाच्या कमिटीत केवळराम, त्याचा साळा आणि त्याचा व्याही. पाच जणांच्या कमिटीत हे तिघं म्हणजे बहुमत. पटाला सहा दिवस राहिले असताना कमिटीची तातडीची बैठक झाली आणि ठराव पास झाला: पटाच्या जागी कोणतंही वाजणारं यंत्र बंद. डीजे, स्पीकर, मोबाईल, भोंगा. समालोचनाचा माईक तेवढा चालू, पण जोडी उभी राहिली की तोही गप्प.

वहिनी भांडायला गेली. मी मागे होतो.

"कायले केलं बंद?"

"जनावर बिचकते ना शामकलाबाई," केवळराम गोड आवाजात म्हणाला. "आपल्याले जनावराची काळजी."

"मागच्या वर्षी तुमचा डीजे चालला तेव्हा जनावर बिचकत नव्हतं?"

"तेव्हा आमाले अक्कल नव्हती. आता आली."

"मंग आमच्या बाजूनं कोनी ओरडायचं बी नाई का?"

केवळराम हसला. "ओरडा ना बाप्पा! तोंडानं कायबी ओरडा. आजवर पटात तोंडाले कोनी बंदी घातली? ठरावात लिहूनच देतो. यंत्र बंद, तोंड चालू."

आणि त्यानं खरंच लिहून दिलं. सहीसकट.

त्या संध्याकाळी आमचं भजन मंडळ मारुतीच्या देवळात बसलं होतं, तिथं वहिनी आली. बाया सहसा दारातून बोलतात. ही सरळ आत येऊन बसली.

"बुवा, मले एक गानं पायजे. तोंडानं."

केशोराव बुवांचं वय सत्तर, गळा तीसचा. "देवाचं की देवीचं?"

"बैलाचं."

नीतूनं मोबाईलवर पन्नास सेकंद ऐकवलं. बुवांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि विचारलं, "राग कोनता?"

"राग नाई बुवा," नीतू म्हणाली. "हार्मनी आहे. चार गट राहते. प्रत्येक गट आपलं वेगळं गाते, पन एकदम."

"चार लोक एकाच वेळी चार गोष्टी म्हनते, आन भांडन होत नाई?"

"नाई."

"मंग ते आपल्या इकडचे नाई," बुवा म्हणाले. "पन जमवू."

मंडळात आम्ही अकरा माणसं, सगळे पुरुष, सगळे एकाच पट्टीतले. वरचा आवाज कोणाचा लागेना. तेव्हा वहिनी बुद्धविहारातल्या कुसुमबाईला घेऊन आली. कुसुमबाईचा तिथला गाण्याचा गट, तिच्यासकट सात बाया. तिनं कागद हातात घेतला, एकदा वाचला आणि आमच्याकडे पाहून हसली.

"हे एवढ्यासाठी घाबरून राहिले का गा तुमी? आमी दर रविवारी पालीत वंदना म्हनतो. परकी भाषा तोंडात बसवायची म्हनजे आमचं रोजचं काम. म्हना मागून."

असं आमचं लॅटिन सुरू झालं. नीतूनं जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. कुसुमबाईच्या बाया वर, आम्ही खाली, बुवा जिथं वाटेल तिथं. नीतूनं मला सांगितलं, "काकाजी, पेटीवर चार स्वर एकदम दाबा."

"चार स्वर एकदम दाबले तर लोक म्हनतील पेटीवर मांजर बसलं."

"तिकडं त्यालेच कॉर्ड म्हनते."

दाबून पाहिलं. मांजरच बसलं. मग तो नाद आम्ही सोडला.

एक गोष्ट मात्र कोणी बदलली नाही. आमचं मंडळ नमन केल्याशिवाय तोंड उघडत नाही. गणपतीचं, मग मारुतीचं, मग गावदेवीचं, मग बुवांच्या गुरूचं. चार मिनिटं लागतात. बुवांच्या आजोबांनी एकदा नमन न करता गायलं होतं, त्या रात्री देवळाचे पत्रे उडाले, असं बुवा सांगतात. तेव्हा वादळ होतं हे सांगत नाहीत. रोजच्या सरावातही आधी नमन, मग लॅटिन. त्या चार मिनिटांत नीतू चहा पिऊन यायची. त्यात धोका आहे हे तिच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. श्वास घेतो तसं नमन. श्वासात काय धोका?

पाच दिवसांत गाणं गावभर झालं. देवळाला भोंगा नव्हता, पण बुवा होते. बोअरवेलवर बाया घागर भरताना "नोन मोवेमुर" म्हणायच्या. गिरणीवाला पट्टा चढवताना म्हणायचा. केवळरामच्या घरावरून जाताना मी कान देऊन ऐकलं, तर त्याची बायको रुख्मा अंगण झाडता झाडता "इग्निस वेनित" गुणगुणत होती आणि केवळराम आतून ओरडत होता, "बंद कर ते!" यंत्र असतं तर बंद झालं असतं.

पटाचा दिवस आला. माणूस किती, विचारू नका. सालेकश्याकडून लोक आले होते. जिलेबीची सहा दुकानं. केवळरामची जोडी सकाळीच पळाली, नऊ सेकंद एकवीस पॉइंट. त्याच्यापुढे कोणी गेलं नाही. केवळराम शिल्डाच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसला आणि शिल्डावरची धूळ रुमालानं पुसायला लागला, जणू घरचंच भांडं.

आमचा नंबर शेवटचा. सुटायच्या जागी छकडा, त्यावर भाऊ, डोक्याला हेल्मेट. नीतूचं स्कुटीचं, गुलाबी. दुसऱ्या टोकाला, शेवटच्या दोऱ्याच्या पलीकडे, वहिनी ढेपेचं घमेलं घेऊन. तिच्या मागे सतरंजीवर आमचं मंडळ आणि कुसुमबाईच्या बाया. माझ्यासमोर पेटी.

केवळराम उठला. "यंत्र!"

"पेटी यंत्र आहे का?" मी विचारलं.

"वाजते ना?"

मी पेटी बंद करून बाजूला ठेवली. बाकी तोंडं अठरा होती.

इंद्रकुमार मास्तर माईकवर म्हणाले, "आता शेवटची जोडी! मागच्या वर्षी कुडव्याकडे निघालेली, साहेब आन बाबू! मागं टपरी आहे, टपरीवाल्यानं बाजूले व्हावं! नियम आयका! झेंडी पडल्यापासून तीन मिनटं. तीन मिनटात पहिला दोरा तुटला नाई, तर जोडी बाद!" आणि ठरावाप्रमाणे माईक बंद.

झेंडी पडली.

वहिनीनं मागे वळून बुवांना खूण केली. बुवांनी डोळे मिटले, कानाला हात लावला, छाती भरली.

आणि गणपतीचं नमन सुरू केलं.

मला वाटलं जमीन फाटावी. बुवांनी ओळ टाकली, आणि माझ्या तोंडातून आपोआप ती मागून निघाली. दहाही जणांच्या तोंडातून निघाली. चाळीस वर्षांची सवय, ती काय झेंडीला विचारते? नीतू किंचाळली, "बुवा! लॅटिन! लॅटिन!" पण नमनात बुवांना भूकंप ऐकू येत नाही.

तिकडं साहेबानं मान वळवून पब्लिककडे पाहिलं.

मास्तरांना राहवलं नाही, माईकशिवायच ओरडले, "नमनालाच घडाभर तेल!" सगळं मैदान हसलं. एक मिनिट गेलं. बुवा मारुतीवर आले. बाबूनं साहेबाकडे पाहिलं. टपरीवाल्यानं किटली उचलली. कुसुमबाई बुवांचा खांदा हलवत होती, "ओ बुवा, देवाले थांबवा जरा!" बुवा त्या हलण्यातही सूर सोडत नव्हते. दीड मिनिट. छकडा एक फूट मागे सरकला. भाऊ गुलाबी हेल्मेटमधून वहिनीकडे पाहत होता. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण पॉवर टिलर दिसत होता.

दोन मिनिटं. बुवा गावदेवीवर.

वहिनीनं घमेलं खाली ठेवलं.

हिला गाताना मंडळातल्या कोणी ऐकलं नव्हतं. पण रोवणीत गाणं तीच उचलते. पावसात, चिखलात, कंबर वाकलेली, आणि तरी सहा बांध्या पलीकडच्या बाईला ओळ पोचली पाहिजे, असा तो गळा. तिनं पदर खोचला, एक पाय पुढे टाकला आणि रोवणीच्या चालीत आवाज सोडला:

"स्तामुस, स्तामुस, नोन मोवेमुर!"

मैदानाचं हसू मधेच तुटलं. क्षणभर नुसतं आमचं नमन ऐकू येत होतं. आणि मग उजवीकडून, जिलेबीच्या दुकानाजवळच्या बायांनी, जशा रोवणीत देतात तशी, ओळ परत दिली:

"इग्निस वेनित, नोन मोवेमुर!"

त्या आमच्याच गावच्या बाया. पाच दिवस बोअरवेलवर तेच घोटलेलं. मग डावीकडून गिरणीवाला आणि त्याचं टोळकं, खालच्या पट्टीत. मग कुसुमबाईनं बुवांना सोडलं आणि सातही बायांनी वरचा सूर लावला, असा की अंगावर काटा. बुवा सोडून आमच्या दहा जणांचंही नमन सुटलं. चार बाजूंनी चार गट, चार वेगवेगळ्या पट्ट्या, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि सगळं मिळून एक. नीतू रडत रडत ओरडली, "काकाजी, हार्मनी!"

शिल्डाच्या टेबलाजवळ रुख्मा उभी होती. नवऱ्याच्या खुर्चीमागे. डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्यानं.

पहिल्या टोकाला चार कान टवकारले.

दोरा तुटला तो दिसलाच नाही. धूळ दिसली. धुळीच्या पुढे दोन नाकं दिसली, आणि वर गुलाबी ठिपका. साहेब बाबूची वाट पाहत नव्हता, बाबू साहेबाला विचारत नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा दोघं एकाच फाईलवर होते. शेवटचा दोरा तटकन तुटला. वहिनी हलली नाही. बैल थेट घमेल्याशी आले आणि गच्चकन थांबले.

भाऊ थांबला नाही.

तो वहिनीवरून गेला, कुसुमबाईच्या बायांवरून गेला आणि सतरंजीच्या कडेला ठेवलेल्या माझ्या पेटीवर पूर्ण वजनानं बसला. पेटीच्या पोटातून एक सूर निघाला. सूर कसला, दहा-बारा सूर एकदम. वरच्या बायांशी, खालच्या गिरणीवाल्याशी, सगळ्यांशी जुळलेला, लांबलचक, शेवटचा. नीतू म्हणते तो कॉर्ड होता. मांजर नव्हतं. मग पेटी मेली.

त्या शांततेत बुवांनी डोळे उघडले. त्यांचं नमन संपलं होतं. "हं," ते म्हणाले, "आता लॅटिन."

घड्याळवाल्यानं आकडा दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आठ सेकंद सत्त्याण्णव पॉइंट.

मैदान उठलं. टोप्या, गमछे, जिलेबीचे कागद, काय काय हवेत गेलं. टपरीवाल्यानं फुकट चहा जाहीर केला आणि लगेच मागे घेतला.

पण केवळराम तो केवळराम. टेबलावर चढला. "आक्षेप! जनावराले भडकवनारं गानं! कायद्यात बसत नाई! त्या गान्याचा अर्थ काय, सांगा आधी!"

पटावर देखरेखीला जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी चष्मा सावरला. "अर्थ सांगावा लागेल. उत्तेजन देणारे शब्द असतील तर विचार करावा लागेल."

सगळे नीतूकडे पाहायला लागले. तिनं डोळे पुसले. "सर, ती दगडी फौज राजासाठी म्हनते. 'आम्ही उभे आहोत, उभे आहोत, हलनार नाही. आग आली, तरी हलनार नाही.'"

डॉक्टरांनी मोबाईलवर स्वतः शोधलं. पोरगी खरं बोलत होती. त्यांनी केवळरामनंच सही केलेला ठराव मागवला, "यंत्र बंद, तोंड चालू" वाचलं, आणि वहीत निकाल लिहिला. तो निकाल मास्तरांनी माईकवर वाचला, जसाच्या तसा:

"सदर गाण्यात बैलांना उभे राहण्याची स्पष्ट सूचना होती. बैलांनी ती मानली नाही. यात गाणाऱ्यांचा दोष दिसत नाही. जोडी पात्र, प्रथम क्रमांक."

रुख्मानं टाळी वाजवली. मग नवऱ्याकडे पाहून आणखी एकदा वाजवली.

शिल्ड घ्यायला वहिनी गेली. साहेब-बाबूंना सोबत घेऊन गेली, कमिटीनं नको म्हटलं तरी. शिल्ड बाबूनं चाटलं. उतरताना ती भावाजवळ थांबली. भाऊ अजून पेटीवरच बसला होता, हेल्मेट घातलेलं.

"मंग? पॉवर टिलर?"

भावानं हेल्मेट काढलं. बैलांकडे पाहिलं. "त्याले कान नाई राहत," तो म्हणाला. "घरी चल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे गोठ्यात होतो. वहिनी, मी, भाऊ, कमरेला लेप. भाऊ स्वतः ढेपेचं घमेलं घेऊन बसला होता. "लाव," तो नीतूला म्हणाला. "आज मी टाकतो."

नीतू राजासमोर गेली. शंभर माणसं छाती फाडून गायला लागली. आम्हीही गायलो. बैलांनी खुंटे हलवले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सहाच्या सहा हात तुटून, दगडी राजा धाडकन खाली पडला. गाणं थांबलं.

साहेबानं भावाकडे पाहिलं. बाबूनं साहेबाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून घमेल्याकडे.

भाऊ घाबरला. "संपलं? आता पुढच्या वर्षी हे कायच्यावर पळतील? दुसरा राजा नाई का वो त्याच्यात?"

"आहे ना बाबा. पुढच्या किल्ल्यात. पन त्याचं गानं वेगळं आहे, आठ आवाजात."

भावानं मूठभर ढेप साहेबापुढे टाकली, मूठभर बाबूपुढे, आणि माझ्याकडे वळला.

"योगराज, जाय, बुवाले बोलाव. आन त्याईले सांग, नमन घरूनच करून या म्हना."